एकदा जहाज होऊ दे

…आणि वर हे मंडळात सगळ्यांना सांगतात, आमच्या हिला कशाची म्हणून हौस नाही! आता तुम्हीच सांगा, ज्या घरात जेवायच्या टेबलावर वर्षभर जहाज बसलं होतं आणि माणसं मोरीच्या दाराशी पाट मांडून जेवत होती, त्या घरात दुसऱ्या कुणाच्या हौसेला जागा उरणार कुठे? बरं, जहाज म्हटल्यावर तुम्हाला वाटेल हे पोर्टात मोठे साहेब असतील. तसलं काही नाही. हे बँकेत. जहाज लाकडाचं, दोन हात लांब, खोटं. खोटं म्हणायचं नाही हं, प्रतिकृती म्हणायचं. मी एकदा चुकून खेळणं म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते दोन दिवस बरे गेले.

तशी मी कमी बोलणारी. लग्न जमताना तोच माझा मोठा गुण ठरला होता, मुलगी अबोल आहे. रंगाचा नंबर त्यानंतर. ह्यांच्या मावशी परतवाड्याला मला बघायला आल्या, तेव्हा त्यांनी मनगट धरून मला खिडकीशी नेलं, हात उजेडात उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "निमगोरी आहे, पण उजळेल." माझे वडील, अण्णा, शेजारीच उभे होते. अण्णांची लाकडाची वखार. उभा जन्म त्यांनी फळ्या अशाच उजेडात धरून पाहिल्या, आणि त्या दिवशी मात्र ते नुसते फरशीकडे बघत होते.

त्या वखारीत मी वाढले. मेळघाटातून ओंडके यायचे, साल निघायची, करवत चालायची, आणि मी डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची, हा साग, हा बिवळा, ही शिवण, हा हळदू. बोटाच्या पेराने टकटक केलं की आत ओल आहे का ते मला कळतं. झाडाचा गाभा कुठे संपतो आणि सालीखालचं कच्चं पांढरं कुठे सुरू होतं ते मला कळतं. हे लग्नाआधी कुणी विचारलं नाही, आणि लग्नानंतर सांगायला सवड झाली नाही, कारण जूनमध्ये आम्ही कलकत्त्याला आलो आणि जुलैत जहाज सुरू झालं.

का सुरू झालं ते ऐका. आम्ही राहतो बागबाजारला, शरच्चंद्रबाबूंच्या वरच्या मजल्यावर. घरमालक सत्तरीचे, गमत्ये. पहिल्याच दिवशी जिन्यात उभे राहून म्हणाले, "आइये आइये, बर्गी लोग आ गया." बर्गी म्हणजे आपलेच ते, नागपूरकरांचे घोडेस्वार, बंगाल लुटायला आलेले. इथे अजून पोर झोपत नसलं की त्यांची भीती घालतात. त्यांना अडवायला जो खंदक खणला तो म्हणे ह्याच भागातून सुरू झाला. शरच्चंद्रबाबू म्हणाले, आमच्या पूर्वजांनी तुम्हाला बाहेर ठेवायला अख्खा खंदक खणला आणि आमच्या मुलाने तुम्हाला दोन खोल्या भाड्याने दिल्या. स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि वर संदेश, ती इथली मिठाई, पाठवून दिले. मला कळलं की ही थट्टा. ह्यांना लागलं. आख्ख्या मराठेशाहीच्या वतीने लागलं. जिना चढताचढताच म्हणाले, ह्यांना काय वाटतं, आम्ही नुसते घोड्यावरचे लुटारू? आमचं आरमार होतं!

हे स्वतः हावड्याच्या लाँचमध्ये बसले तरी लिंबू हुंगत बसतात. पण आरमार होतं.

त्यात इथल्या मराठी लोकांच्या मंडळाने जाहीर केलं, पुढच्या जूनमध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं होतायत, मोठं प्रदर्शन भरवायचं. झालं. ह्यांनी उभं राहून सांगून टाकलं, मी मराठ्यांचं जहाज करून आणतो, गुराब, तीन डोलकाठ्यांचं, तोफांसकट. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला काय माहीत, मी माझ्याच वर्षाला टाळ्या वाजवतेय?

कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी मासिक आणलं, त्यात जहाजं कशी करायची ते सगळं होतं. त्यात लिहिलेलं की लाकूड फिकट हवं, बारीक पोताचं हवं, गाठी नकोत. एवढं तीनदा मोठ्याने वाचून मला म्हणाले, चल, आज तुला कलकत्ता दाखवतो. मी लग्नातली अंजिरी साडी नेसले. व्हिक्टोरिया दाखवतील, गेला बाजार चिडियाघर… तर ट्रामने नेलं कुठे माहीत आहे? निमतल्ल्याला. तिथे एका अंगाला लाकडाच्या वखारींची रांग आणि दुसऱ्या अंगाला स्मशानघाट. नव्या नवरीला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिथे. डाव्या हाताला माणसं जळतायत, उजव्या हाताला लाकूड विकतायत, आणि मधून मी अंजिरी साडीत, पदर सावरत.

पण खरं सांगू? मला बरं वाटलं. तो ओल्या भुशाचा वास आला आणि मला वाटलं, अण्णा आता कुठूनतरी हाक मारतील.

वखारवाले साहाबाबू भला माणूस. त्यांनी आधी हळदूची फळी काढली. जुनी, पिवळी, रेशमासारखी, एक गाठ नाही. माझा हात आपोआप गेला. पेराने दोनदा वाजवली, वास घेतला. साहाबाबू फळीकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघायला लागले आणि ह्यांना म्हणाले, "बौदी काठ चेनेन." वहिनींना लाकूड कळतं. हे हसले. म्हणाले, लाटण्यापुरतं. मग ती फळी त्यांनी बाजूला सारली, कारण ती पिवळी होती, आणि मागच्या ढिगातली एक पांढरीफटक फळी ओढून काढली, दारात नेली, उजेडात उलटीसुलटी केली… अगदी मावशींसारखी. घराण्यातच आहे ते. म्हणाले, हे बघ, कसं गोरं आहे.

साहाबाबूंनी बिचाऱ्यांनी सांगितलं, की ते खोक्यांचं लाकूड, आंब्याफळांच्या पेट्या करतात त्याच्या. हे म्हणाले, मासिकात फिकटच लिहिलंय. मग त्या फळ्या हातरिक्षात बसल्या आणि आम्ही दोघं रिक्षामागून बागबाजारापर्यंत चालत आलो.

ते सालीखालचं पांढरं होतं, तेही कोवळ्या झाडाचं. त्याच्यात गोडवा असतो. त्याला भुंगा लागतो. आज नाही लागत, सहा महिन्यांनी लागतो, आठ महिन्यांनी लागतो, पण लागतो. परतवाड्यात हे शेंबड्या पोराला माहीत असतं.

आणि मी गप्प बसले नाही हो. ते मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्यावर तोच आळ आला. पहिल्याच रविवारी बोलले. ह्यांचे बँकेतले मित्र गुरुदत्तभाऊजी आले होते. ते दर रविवारी जहाजाची पाहणी करायला येतात, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसतात आणि पोहे खातात. मी बशी पुढे केली आणि सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, की ह्या लाकडाला कीड लागेल, अण्णांच्या वखारीत असलं आम्ही आत घेत नसू. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही टेबलच बोललं. मग गुरुदत्तभाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही वखारीत वाढलात म्हणून तुम्हाला लाकूड कळतं, तर मी इस्पितळात जन्मलोय. काढू का तुमचं अपेंडिक्स?"

हे इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसताना बशी पुढे केली. अजून थोडे पोहे आहेत का?

मी पोहे वाढले. आणि तुम्हाला सांगते, त्या पोह्यांबरोबर मी जे गिळलं ते दहा महिने पचलं नाही.

मग काय, घराचा कारखाना झाला. ओट्यावर रंधा, वरणात भुसा, उशीत काचकागद. शिडांना कापड हवं होतं, बारीक विणीचं. एक दिवस बघते तर आमचा अंतरपाट कापून तीन शिडं. म्हणाले, अगदी योग्य जाडी निघाली बघ! लग्नात आमच्या दोघांमध्ये जो एकच पडदा धरला होता, तो आता वारा नसलेल्या जहाजाला लावलेला. आणि मी काही म्हणायच्या आत, "एकदा जहाज होऊ दे, मग नवा आणू." नवा अंतरपाट कशाला आणायचाय, हे मी विचारलं नाही.

एकदा जहाज होऊ दे. हे त्यांचं ठरलेलं. नवा स्टोव्ह? एकदा जहाज होऊ दे. खिडकीला पडदे? एकदा जहाज होऊ दे. दिवाळीला अण्णांचं पत्र आलं, पहिला दिवाळसण, जावईबापूंना घेऊन ये, काय हवं ते विचारून कळव. मी पत्र जहाजाशेजारी ठेवलं. त्यांनी त्यावर सरसाची वाटी ठेवली. आत्ता कसं जमेल, सांगाडा उघडा पडलाय. एकदा जहाज होऊ दे. मी दिवाळीला एकटीसाठी चिवडा केला आणि अर्धा गुरुदत्तभाऊजींनी खाल्ला.

फेब्रुवारीत मात्र अण्णांचं दुसरं पत्र आलं. अक्षर पार वाकडं. लिहिलेलं की मोतीबिंदू वाढलाय, करवतीवर उभं राहवत नाही, मागे बघायला मुलगा नाही. वखार एका पटेलांना दिलीय, दसऱ्याला किल्ल्या द्यायच्या. त्याच्या आत एकदा येऊन जा कालिंदी, वखार भरलेली आहे तोवर. बस. माझं जे काय होतं ना, ते एवढंच होतं. भरलेली वखार एकदा बघायची. आणि अण्णांना मी दिसतेय तोवर त्यांच्यासमोर उभं राहायचं. हावड्याहून मुंबईची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावती, तिथून परतवाडा. दोन दिवसांचा प्रवास हो! चंद्रावर नाही.

मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, सगळं, हळू. त्यांनी ऐकलंही. चांगले आहेत हो तसे, ऐकतात. म्हणाले, "जूनमध्ये प्रदर्शन झालं, की मी स्वतः तुला परतवाड्याला नेतो. शब्द. पण आधी एकदा जहाज होऊ दे."

आता माझी अवस्था लक्षात घ्या. एप्रिल आला, उकाडा सुरू झाला, आणि एका सकाळी टेबल पुसताना जहाजाखाली मैद्यासारखी बारीक पूड, इवलीशी रास. वर बघते तर तळाच्या फळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. गोल, नीटनेटकं. दुसऱ्या दिवशी तीन. मला काय वाटलं असेल? आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. आले रे बाबा, म्हटलं, दहा महिने वाट बघतेय तुमची.

आणि मग झर्रकन डोक्यात आलं, की जहाज जूनच्या आत पडलं तर हे दुसरं करायला बसतील. आणि दुसरं होईपर्यंत दसरा उलटून जाईल.

म्हणजे बघा, ज्याचा नाश व्हावा म्हणून मी देव पाण्यात घालायचे, तेच मला जूनपर्यंत तगवायचं होतं. एक दिवस जास्त नको, एक दिवस कमी नको. हे बँकेत गेले की मी मेणबत्ती वितळवायची, त्यात चिमूटभर चहाची पूड मिसळायची, रंग जुळावा म्हणून, आणि सुईच्या टोकाने एकेक भोक बुजवायची. बुजवून वरून रुमाल फिरवायची. खालची पूड केराबरोबर जिन्याखाली. एप्रिलअखेर रोज दहा भोकं. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, सगळ्या देशाच्या गाड्या थांबल्या, माझे भुंगे चालूच. तळ बुजवला की बाजू, बाजू बुजवली की डोलकाठी. आत ते खातायत, बाहेर मी रंगवतेय. संध्याकाळी हे यायचे, जहाजावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, काय लकाकी आलीय बघ! येणारच. निम्मं मेणच होतं ते.

जूनचा पहिला रविवार उजाडला. हॉलमध्ये हिरव्या मखमलीवर जहाज, समोर पाटी, पाटीवर ह्यांचं नाव. माझं नाव नव्हतं, आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे. शरच्चंद्रबाबूंना ह्यांनी मुद्दाम बोलावलेलं, पहिल्या रांगेत बसवलेलं. गुरुदत्तभाऊजी शेजारी असे उभे, की जहाज त्यांनीच पोटातून काढलंय. मी मागे, बायकांत. मनात एकच, अजून दोन तास. बाबांनो, दोनच तास दम धरा.

पाहुणे एक निवृत्त साहेब होते. जहाजाभोवती फिरले, मान डोलावली, आणि म्हणाले, भगवा जरा वाकडा झालाय. बोटाने सरळ करायला गेले. एक बोट हो, चिमटीसुद्धा नाही. मोठी डोलकाठी सरळ जहाजाच्या पोटात गेली, सुरी लोण्यात जावी तशी. मग मधला भाग बसला. मग दोन्ही बाजू एकमेकींकडे कलल्या, आणि आख्खं जहाज, कसलाही आवाज न करता, जागच्या जागी बुडालं. मखमलीवर पिठाची एक रास राहिली, तीवर आमचा अंतरपाट. आणि त्या राशीतून एकेक भुंगा बाहेर पडून टेबलाच्या कडेकडे चालायला लागला, अगदी रांगेत, शिस्तीत. आरमारच ते.

शरच्चंद्रबाबू पुढे झाले, चष्मा वर केला, नीट वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मैडम, हमारा पुरखा लोग बेकार खंदक खोदा. थोड़ा पोका पालता, तो बर्गी आता ही नहीं." पोका म्हणजे किडा. मी हसले. तुम्हाला सांगते, मी पदर तोंडात कोंबला तरी हसले, आणि तेव्हाच ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यात गुरुदत्तभाऊजी. राशीतून एक तुकडा उचलला, नखाने खरवडला आणि म्हणाले, अरे, हे तर मेण आहे.

घरी आलो. हे सरळ रिकाम्या टेबलाशी बसले. मला वाटलं, आता ओरडतील, आणि एकदाचं होऊन जाईल. पण ओरडले नाहीत. म्हणाले,

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही पोहे मागितलेत."

मान खाली घालून टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करायला लागले. बिचारे. खरंच सांगते, त्या क्षणी मला दया आली, आणि तिथेच मी फसले. कारण मग त्यांनी मान वर केली आणि लग्नाला वर्ष झाल्यावर पहिल्यांदा मला विचारलं, "कुठलं लाकूड घ्यायला हवं होतं?"

आता काय सांगू तुम्हाला! जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मावशींनी नाही, ह्यांनी नाही, साक्षात अण्णांनीसुद्धा नाही. मी जी सुटले! ही अबोल मुलगी दोन तास बोलत होती. गाभा कसा ओळखायचा, तळाला हळदू का, डोलकाठीला तिवस का, सावलीत किती वर्षं मुरवायचं, उभ्या फळ्या आणि आडव्या फळ्या… आणि त्याच भरात सांगून गेले, की अण्णांच्या वखारीत मागच्या छपरात वीस वर्षं मुरलेला हळदू आहे, सोन्यासारखा, त्याला अण्णा कुणाला हात लावू देत नाहीत. हे ऐकत होते. समोर बसून, माझ्याकडे बघून, ऐकत होते. लिहूनसुद्धा घेत होते. मला वाटलं, संसार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना पत्र टाकलं. मला न विचारता. दिवाळसण राहिलाय, तर काय हवं ते कळवा म्हणाला होतात, तर मला फक्त लाकूड हवंय.

गेल्या आठवड्यात मालगाडीने ते आलं. अण्णांचं पत्रही आलं, दुसऱ्या कुणाच्या हाताने लिहिलेलं. इतका आनंद त्यात, इतका, की वाचवेना. लिहिलंय की कुणी जावई स्कूटर मागतो, कुणी घड्याळ, माझ्या जावयाने लाकूड मागितलं, लेक पारखी घरात पडली. मागच्या छपरातला हळदू सगळा पाठवलाय, काही मागे ठेवलं नाही. तो गेल्यावर वखार रिकामीच वाटली, तिथे बसून काय करू म्हणून किल्ल्या दसऱ्याआधीच पटेलांना देऊन टाकल्या. आता इथे बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तू उगाच प्रवासाची दगदग करू नकोस पोरी. सावकाश ये. आधी जावईबापूंचं जहाज होऊ दे.

अण्णांनी लिहिलं हे. माझ्या अण्णांनी.

फळ्या पलंगाखाली रचल्यात. ह्यांनी मलाच वाजवून बघायला सांगितल्या. मी एकेक वाजवली. चोख आहेत हो, एकीतही पांढरं नाही, भुंगा शंभर वर्षं तोंड लावणार नाही. काल गुरुदत्तभाऊजी आले, पोहे खाल्ले, पट्टी घेऊन पलंगाखाली शिरले आणि सगळं मोजून बाहेर आले.

म्हणाले, वहिनी, आरामात पाच जहाजं निघतील.